व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करताना: आधीचे दोन दिवस, आतले पस्तीस आणि नंतरचे (कोकणातल्यांसाठी)

तांबडीमाती

दर मे अखेरीस इथे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो: "भावाला दारूसाठी कुठे ठेवावं?" खाली चार केंद्रांची नावं पडतात आणि धागा थंड होतो. नाव कळणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. घोळ होतात ते दाखल करायच्या आधीच्या दोन दिवसांत आणि आतल्या पहिल्या पाच दिवसांत, म्हणून मी त्यावरच जास्त लिहितो. ज्यांना आतलं कामकाज ठाऊक आहे त्यांनी भर घाला. कहाण्या नकोत, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की शरीर काय करतं याचं वेळापत्रक बऱ्यापैकी ठरलेलं आहे. शेवटच्या घोटापासून ६ ते १२ तासांत हात कापायला लागतात, घाम फुटतो, मळमळतं, छाती धडधडते, झोप उडते. फिट येण्याचा धोका साधारण ६ ते ४८ तासांत. आणि ४८ ते ९६ तासांत, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी, काही जणांना डिलिरियम होतो: आपण कुठे आहोत हे कळत नाही, अंगावर किडे चालताना दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलणं चालू होतं, ताप आणि बीपी चढतो. गावात याला "बाहेरचं लागलं" म्हणतात आणि माणसाला भगताकडे नेतात. तिथे जो दिवस जातो तोच महागात पडतो, कारण डिलिरियमवर वेळेत औषध मिळालं नाही तर माणूस दगावू शकतो.

कारण साधं आहे. दारू मेंदूला रोज दाबून ठेवते. मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावायला शिकतो. दाब अचानक काढला की जोर तेवढाच शिल्लक राहतो, आणि तो कापरं, फिट, भास अशा वाटांनी बाहेर पडतो. म्हणून पहिले ५ ते ७ दिवस झोपेच्या गोळ्यांच्या जातीतलं औषध (बहुतेक क्लोरडायझेपॉक्साइड, लिव्हर खराब असेल तर लोरॅझेपाम) चढ्या डोसवर सुरू करून रोज थोडं थोडं उतरवतात. याला डिटॉक्स म्हणतात. यात इच्छाशक्तीचा काही संबंध नाही.

आता आपल्याकडची खास गडबड. गटारी झाली की श्रावण पाळायचा. महिनाभर न पिणं चांगलंच, पण जो माणूस सकाळी उठून हात थांबवायला पितो, त्याने श्रावण शुद्ध प्रतिपदेला एकदम बाटली ठेवली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येऊ शकते. माळ घालणाऱ्यांचंही तेच. माळ जरूर घाला, पण आधी डॉक्टरकडे जाऊन डिटॉक्स होऊ द्या. पूर्वी कधी दारू सोडताना फिट आली असेल किंवा भास झाले असतील तर घरच्या घरी प्रयोग करूच नये. प्रत्येक वेळी सोडताना त्रास आधीपेक्षा जास्त होण्याकडे कल असतो.

घरात फिट आलीच तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, आजूबाजूचं अणकुचीदार सामान सरकवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवून काहीही होत नाही. ५ मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा शुद्ध न येता पुन्हा आली, तर १०८.

रातांबा

उत्तम धागा. यात दाखल होतानाच्या प्रश्नांचं लिहितो, कारण तिथे घरचे आणि पेशंट दोघंही चुकतात.

पहिला प्रश्न असतो: शेवटचा घोट किती वाजता? दुसरा: रोज किती? पेशंट सांगतो "एक नाइंटी", बायको सांगते "दिवसभर चालूच असते". दोन्ही उत्तरं औषधाच्या डोससाठी निरुपयोगी. बाटल्या मोजा. ४२.८ टक्क्यांची एक क्वार्टर, म्हणजे १८० मिली, यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे ६ युनिट. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली साधारण ४ युनिट. फेणी व्हिस्कीच्या बरोबरीची धरा. उर्राक हा काजूचा, एकदाच गाळलेला, त्यात फेणीच्या निम्म्याहून कमी. पण तो ग्लासाने नाही, तांब्याने प्यायला जातो हे विसरू नका. माडी सकाळची आणि संध्याकाळची सारखी नसते, दिवसभरात आंबत जाते. हातभट्टीचा तर काहीच भरवसा नाही, तिथे टक्केवारी कोणाला ठाऊक नसते. अशा वेळी "रोज किती रुपयांची आणि पहिला घोट किती वाजता" एवढं सांगा. सकाळी तोंड धुण्याआधी लागते की संध्याकाळी सातला, या एका उत्तरावरून डॉक्टरला अर्धं चित्र कळतं.

कमी सांगितलं तर डोस कमी दिला जातो आणि रात्री वॉर्डात फिट येते. सगळ्यात जास्त लपवली जाते ती अल्प्राझोलमची गोळी. झोपेसाठी रोज दोन-तीन घेणारा माणूस दारूचंच सांगतो, गोळीचं नाही. ती गोळी अचानक तुटली तरीही फिट येते, कधी आठवड्याने, जेव्हा सगळे निर्धास्त झालेले असतात. ती आठवड्यांच्या हिशेबाने हळूहळू उतरवावी लागते.

आत घेतल्यावर नर्स दर काही तासांनी येऊन एक तपासणी करते. हात पुढे करा, बोटं फाकवा. कापरं दिसतं का, की फक्त बोटांच्या टोकाला हात लावल्यावर जाणवतं? कपाळावर घाम आहे का? आजची तारीख काय? कानात आवाज येतात का, अंगावर काही चालल्यासारखं वाटतं का? असे दहा मुद्दे, प्रत्येकाला गुण, एकूण ६७. आठ-दहाच्या खाली असेल तर चिंता कमी, विसाच्या वर गेलं की डॉक्टरला उठवायचं. घरच्यांना वाटतं, "सारखी तारीख काय विचारतात, वेडा समजतात का?" ती तारीखच डिलिरियमची पहिली खूण पकडते.

आणखी एक, आणि हे गावातल्या दवाखान्यांत वारंवार चुकतं. पिणारा माणूस जेवलेला नसतो, थकलेला असतो, म्हणून "एक सलाइन लावून टाका" असा घरच्यांचा आग्रह. ग्लुकोजची बाटली लागते. अशा माणसाच्या शरीरात ब१ जीवनसत्त्व (थायमिन) संपत आलेलं असतं, आणि ग्लुकोज जाळायला तेच लागतं. उरलंसुरलं संपलं की मेंदूवर परिणाम होतो: चालताना झोक जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते, गोंधळ उडतो. वेळेत लक्षात आलं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाते. म्हणून आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. सलाइनचा आग्रह धरणाऱ्यांनी निदान एवढं विचारावं: "डॉक्टर, थायमिन दिलंत का?"

पडवी

वाचनखूण साठवली. प्रश्न: आमच्या भागातले बरेच जण घाट चढून कोल्हापूर-पुण्याला नेतात. प्रवासाचं काय? काही केंद्रं "न पिता आणा" म्हणतात, काही "पिऊन आला तरी चालेल" म्हणतात.

रातांबा

पडवी, कळीचा प्रश्न. कणकवलीहून फोंडा घाटाने कोल्हापूर धरा तीन-साडेतीन तास, पुणे त्याच्या दुपटीहून जास्त. आदल्या रात्री नऊला शेवटची प्यायला, सकाळी सहाला गाडी निघाली, तर घाटात नेमकी कापऱ्याची आणि फिटची वेळ येते. ना नेटवर्क, ना दवाखाना.

यावर मार्ग दोन. एक, आधी जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार ओपीडी गाठा. रत्नागिरीला राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे, नावाला घाबरून लोक पायरी चढत नाहीत. डिटॉक्स इथेच, समुद्राच्या पातळीवर करून घ्या आणि सात-आठ दिवसांनी पुढच्या कार्यक्रमासाठी वर न्या. हा मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. दोन, थेट न्यायचंच असेल तर केंद्राच्या डॉक्टरशी (मॅनेजरशी नव्हे) फोनवर बोलून रोजचं प्रमाण सांगा आणि प्रवासात काय करायचं ते त्यांच्याकडून ठरवून घ्या. "न पिता आणा" ही अट फॉर्मवर सही करताना माणूस शुद्धीत असावा म्हणून असते. तिचा अर्थ दोन दिवस आधी घरी कोंडून ठेवा असा होत नाही.

गाडीत मागच्या सीटवर शेजारी एक माणूस हवाच. आणि चाइल्ड लॉक लावा. घाटात दार उघडण्याचे प्रकार होतात.

सुरंगी

आतला दिनक्रम आणि सामान मी लिहिते.

पहिल्या तासाभरात वजन, बीपी, साखर आणि सामानाची झडती होते. झडतीचा अपमान वाटून घेऊ नये, सगळ्यांचीच होते. रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, लिव्हर, किडनी, सोडियम-पोटॅशियम आणि संमती घेऊन एचआयव्ही व कावीळ ब-क. ईसीजी काढतात. जुने रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्डं न्या म्हणजे पुन्हा खर्च नाही. मधुमेह असेल तर ठळक सांगा: दारू बंद होऊन जेवण सुरू झालं की साखरेच्या गोळ्यांचा जुना डोस जुळत नाही, तो पुन्हा बसवावा लागतो.

सामान: आधार कार्डाची प्रत, दोन फोटो, रोजच्या औषधांच्या पाकिटासकट गोळ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी (सुट्या गोळ्या आत घेत नाहीत), चष्मा, कवळी असेल तर तिची डबी. कपडे चार जोड. पावसाळ्यात इथल्याच केंद्रात असाल तर सहा, कारण काही वाळत नाही आणि ओल्या कपड्यांनी जांघेत खाज सुटते. पुढच्या आठवड्यात माणूस त्याच कारणाने घरी जायला निघतो. हसू नका, खरोखरचं कारण आहे. पंचा, चपला, साधी वही, दोन पेन, पत्र लिहायला घरचा पत्ता. नेऊ नये ते: आफ्टरशेव्ह, परफ्यूम, माउथवॉश, हॅन्ड सॅनिटायझर, खोकल्याचं औषध, व्हाइटनर, ब्लेड, सोन्याची चेन, रोकड. मोबाइल पहिल्याच दिवशी काढून घेतात. तंबाखूबाबत प्रत्येक केंद्राचा नियम वेगळा. कडक बंदी असेल तर निकोटिनच्या च्युइंगमची सोय आहे का हे आधीच विचारा. बायकांच्या बाबतीत मशेरी हमखास विसरली जाते. ती दात घासायची पूड म्हणून पिशवीत जाते, पण आहे ती भाजलेली तंबाखूच, आणि दिवसातून चार वेळा लावणारीला ती तुटल्याचा त्रास दारूइतकाच चिडचिडा असतो.

डिटॉक्सचे दिवस झोप, औषध आणि पेज-भात यात जातात. नंतर खरा कार्यक्रम. पहाटे सहाला उठणं, प्राणायाम-व्यायाम, आपल्या भागाची साफसफाई, नाश्ता, सकाळचा गट, दुपारी समुपदेशकाबरोबर एकट्याचं बोलणं किंवा लिखाण, संध्याकाळी खेळ, रात्री एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा गट) ची मीटिंग. लिखाण अनेकांना जड जातं. "दारूमुळे काय गमावलं ते लिहा" असं सांगितलं की दोन ओळीत संपवतात. पुढे समुपदेशक नेमके प्रश्न काढतो: कोणत्या दिवशी, कोणाच्या समोर, किती पैसे, नंतर काय खोटं बोललात. ते तपशीलच गटात कामी येतात.

मुदत केंद्रागणिक वेगळी. पुण्याच्या मुक्तांगणचा (१९८६ पासून चालू) कार्यक्रम ३५ दिवसांचा, कुठे ३०, कुठे ९०. स्त्रियांसाठी खाटा फारच कमी आहेत. मुक्तांगणचा निशिगंध हा वेगळा विभाग आहे, तसे फार नाहीत. स्त्री रुग्णासाठी विचारताना "रात्रपाळीला स्त्री कर्मचारी आहे का" हा प्रश्न पहिला.

दोन धोक्याचे दिवस लक्षात ठेवा. चौथा-पाचवा दिवस: कापरं थांबलेलं, भूक लागलेली, आणि माणूस म्हणतो, "मी ठीक आहे, मला न्यायला या." दुसरा दहावा ते बारावा: घरी फोन करायची परवानगी मिळते आणि पहिल्याच फोनवर तक्रारी सुरू. डाळ पातळ आहे, मासे नाहीत, बाजूचा घोरतो. घाटावरच्या केंद्रात आपल्या माणसाची भाकरी-आमटीवरची तक्रार तर खरीच असते. आई विरघळते आणि गाडी पाठवते. फोनवर "बघू, समुपदेशकाशी बोलते" एवढंच म्हणायचं आणि खरंच बोलायचं. पण मारहाण झाली, औषध मिळत नाही असं सांगितलं तर ती डाळीची तक्रार नव्हे. त्याच दिवशी जाऊन भेटा.

बिनकोटाचा_वकील

सुरंगीताईंच्या शेवटच्या वाक्यावरून कायद्याचं थोडं.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि मादक पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थिती धरलेल्या आहेत. मोठा माणूस स्वतः समजून-उमजून सही करून दाखल होतो तो कलम ८६ खाली. असा माणूस "मला जायचंय" म्हणाला तर त्याला सोडावं लागतं; फार तर २४ तास तपासणीसाठी थांबवता येतं, तेही तज्ज्ञाने ठरावीक कारणं नोंदवून. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याइतकी अवस्था असेल, किंवा स्वतःची काळजी घेता येत नसेल, तर कलम ८९: नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी (त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ), कमाल ३० दिवस. मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायची मुदत पुरुषासाठी ७ दिवस, स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर ३.

"चार पोरं पाठवून रात्री उचलून नेतो, तुम्ही फक्त पैसे भरा" असं सांगणाऱ्यांना हे सगळं ठाऊक असतं, म्हणूनच ते कागद करत नाहीत. तिथून दूर राहा. साखळीने बांधणं कायद्याने पूर्ण बंद आहे. सक्तीने डोकं भादरणं, सक्तीने काम करवून घेणं, स्वतःचे कपडे घालू न देणं हेही बसत नाही. आपल्या भागाची झाडलोट कार्यक्रमात असू शकते; मालकाच्या बागेत कलमांना आळी करायला लावणं हे वेगळं.

जाण्यापूर्वी विचारा: नोंदणी क्रमांक काय, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतो, रात्री नर्स असते का, फिट आली तर कोणत्या रुग्णालयात नेता, आणि आतल्या खोल्या दाखवाल का. शेवटच्या प्रश्नाला आढेवेढे घेतले तर परत फिरा.

फसवून न्यायचा विषय आलाच आहे तर: "पोट तपासायला जाऊया" म्हणून नेलेला माणूस पहिले दहा दिवस बायकोवर धुमसण्यात घालवतो, उपचारांवर नाही. समुपदेशकाला आधी ते निस्तरावं लागतं.

खाडीकाठ

खर्चाचं कोणी लिहील का? मेडिक्लेम चालतो?

बिनकोटाचा_वकील

पॉलिसीत अपवादांच्या यादीत कोड १२ शोधा. दारू, मादक पदार्थ, व्यसन आणि त्यांच्या परिणामांवरचे उपचार त्यात वगळलेले असतात. बहुतेक पॉलिसींत तो असतोच. मानसिक आजारांना विमा दिला पाहिजे असं २०१७ च्या कायद्यात असलं तरी केंद्रातल्या मुक्कामाचं बिल मिळेल असं धरून चालू नका. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांत उपचार मोफत असतात, मात्र खाटा मर्यादित. १४४४६ या टोल फ्री क्रमांकावर जवळचं कुठलं ते विचारता येतं. खाजगीत "महिन्याचे अमुक" याच्यात औषधं, तपासण्या आणि डॉक्टरची फी धरली आहे का ते लिहून घ्या. वाद तिथेच होतात.

घावणे_आणि_रस

ह्या सगळा खरा आसा, पण गणपतीचा काय करूचा ता कोणी लिवक नाय. मुंबयवाले येतत ते बाटली घेवनच येतत. आणि वरसातसून एकदा राखणदाराक सोऱ्याचो मान दिवचो लागता, ता काम नेमका ह्याच माणसाकडे आसता.

सुरंगी

अगदी नेमकं. हिशेब बघा: श्रावणाच्या पहिल्या दिवशी दाखल झालेला माणूस ३५ दिवसांनी सुटतो तो भाद्रपद चतुर्थीच्या आगेमागेच. म्हणजे केंद्रातून थेट आरतीत, पत्त्यांच्या फडात आणि चाकरमान्यांच्या बॅगांसमोर. घरच्यांना वाटतं, बरं झालं, गणपतीला घरी आला. याहून वाईट मुहूर्त नाही. एकतर आषाढ लागायच्या आत दाखल करा म्हणजे मधे महिनाभर मिळतो, नाहीतर गणपती करूनच न्या. आत असताना सण आला तर केंद्राकडून "दोन दिवसांची सुट्टी" मागू नका. शिमग्यालाही हेच, पालखी घरी यायच्या दिवशी आलेला माणूस रोंबाटातून (शिमग्याच्या नाचत्या मिरवणुकीतून) कसा परततो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

राखणदाराचं (गाव राखणाऱ्या देवाला दारूचा मान देतात ते): मान देणं थांबवायला कोणी सांगत नाही. तो हात बदलायचा. बाटली आणणं, उघडणं, गाऱ्हाण्यानंतर (देवापुढच्या मागण्यानंतर) उरलेली वाटणं ही कामं घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करायची, आणि हे गाऱ्हाणं घालणाऱ्याला आधी सांगून ठेवायचं. ऐनवेळी चारचौघांत "अरे, देवाचं आहे, एक थेंब घे" झालं की नाही म्हणणं अवघड. गोळी चालू असेल तर तो थेंबही महागात पडतो, त्याबद्दल रातांबा लिहितील.

रातांबा

लिहितो. डायसल्फिराम. ही गोळी चालू असताना दारू पोटात गेली की अल्कोहोलचं शरीरातलं विघटन मधेच अडतं, अ‍ॅसिटाल्डिहाइड साठतं, आणि दहा-पंधरा मिनिटांत चेहरा लालबुंद, डोकं ठणकणं, उलट्या, धडधड, बीपी खाली. हृदयाचा त्रास असणाऱ्याचा यात जीव जाऊ शकतो. म्हणून शेवटच्या दारूनंतर निदान १२ तास गेल्याशिवाय सुरू करत नाहीत, आणि बंद केल्यावरही जवळजवळ दोन आठवडे असर राहतो. लिव्हरची तपासणी आधी आणि मधूनमधून.

"न सांगता आमटीत टाकायची पावडर" म्हणून जे विकतात त्यात बहुधा हेच असतं. ज्याला माहीतच नाही तो पिणारच, आणि तुम्ही स्वयंपाकघरातून त्याला विषबाधा केल्यासारखं होईल. ही गोळी त्या माणसाने स्वतः, समजून, रोज सकाळी घरच्यांसमोर घ्यायची असते. घेताना कुठलंही खोकल्याचं किंवा आयुर्वेदिक आसव-अरिष्ट टाळा, त्यात अल्कोहोल असतं. दंतवैद्यालाही सांगा, मेट्रोनिडॅझोल बरोबर चालत नाही. सोलकढी, कोकम सरबत बिनधास्त.

सगळ्यांना हीच गोळी देतात असं नाही. ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन किंवा अ‍ॅकॅम्प्रोसेट असतं. दुसरी दिवसातून तीनदा दोन-दोन घ्यावी लागते आणि किडनी नीट असावी लागते, म्हणून लोक कंटाळून सोडतात.

पडवी

आणि गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइन)? किनाऱ्यावरच्या काही गावांत पोरं त्यात आहेत.

रातांबा

गर्दचं वेळापत्रक वेगळं. शेवटच्या डोसनंतर ८ ते १२ तासांत सुरू: जांभया, नाक-डोळे गळणं, अंगावर काटा, हाडं मोडल्यासारखी दुखणं, जुलाब. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर, आठवड्यात ओसरतं. माणूस तडफडतो, पण निरोगी तरुणाच्या जिवाला दारू तुटण्याइतका धोका यात सहसा नसतो. पाणी कमी पडू द्यायचं नाही. जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिन देतात, पण त्रास दिसायला लागल्यावरच. घाईने आधी दिली तर तीच गोळी त्रास उसळवते. म्हणून पोरगं रडत असताना नर्स "अजून दोन तास थांब" म्हणते, त्यात क्रूरपणा नसतो.

खरा धोका सुटल्यानंतरचा. महिनाभरात शरीराची सवय गेलेली असते. जुन्या मित्राकडे जाऊन जुनाच डोस घेतला की श्वास थांबतो. हे पालकांनी तोंडावर, स्पष्ट सांगायला हवं. आणि पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नका. थोड्या प्रमाणातल्या सेवनाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर १९८५ च्या एनडीपीएस कायद्याचं कलम ६४अ त्याला खटल्यातून संरक्षण देतं. उपचार मधेच सोडले तर ते जाऊ शकतं.

दर्यावर्दी

मासेमारीवाल्यांसाठी एक टीप. १ जून ते ३१ जुलै बंदी. २ जूनला दाखल झाला तर ३५ दिवसांनी ७ जुलै. बोटी सुटेपर्यंत तीन आठवड्यांहून जास्त हातात राहतात, त्यात तीन फॉलोअप बसतात. वर्षातला याहून चांगला काळ खलाशाला मिळत नाही. पण बहुतेक जण जून घरी पिण्यात घालवतात आणि जुलैच्या शेवटी घरचे धावाधाव करतात, तेव्हा तांडेल (बोटीचा प्रमुख) म्हणतो माणूस पाहिजे.

दुसरी अडचण उचल. हंगामाच्या आधी मालकाकडून उचल मिळते, तीही रोख, आणि नेमकी सुटून आल्या-आल्या. मालकाशी आधी बोलून ती बायकोच्या किंवा आईच्या खात्यात घ्यायची. मालकालाही पिणारा खलाशी नकोच असतो, बहुतेक ऐकतात.

समुद्रावर आठ-दहा दिवस राहायचं तर गोळ्या झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डबीत, दिवसांप्रमाणे पुड्या करून. झोप आणणारं औषध चालू असेल तर विंचवर आणि रात्रीच्या पाळीला उभं राहायचं का, हे डॉक्टरला विचारूनच. आणि पहिली फेरी त्याच टोळीबरोबर करू नये, जमत असेल तर बोट बदलावी.

खाडीकाठ

+१. घरी आल्यावर किती दिवस त्रास राहतो? आमच्याकडे सगळे म्हणतात, महिना झाला, आता सुटला.

सुरंगी

झोप अर्धवट राहणं, चिडचिड, कारण नसताना उदास वाटणं हे काही आठवडे, कधी काही महिने चालतं. गोड खायची ओढ लागते, खाऊ द्या. साखर असेल तर मात्र बेताने. वजन वाढतं. उदासी दोन आठवड्यांहून जास्त राहिली किंवा मरणाचं बोलणं आलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. रात्री-अपरात्री बोलायला १४४१६ आहे.

फॉलोअप पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, मग पंधरवड्याने, मग महिन्याने, असं साधारण वर्षभर. इथेच सगळ्यात जास्त गळती होते, कारण केंद्र घाटावर आणि एका फेरीचा खर्च हजार-दीड हजार. म्हणून डिस्चार्ज घेतानाच दोन कागद मागा: चालू औषधांची पूर्ण चिठ्ठी आणि तुमच्या तालुक्यातल्या किंवा जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरच्या नावाने पत्र. औषध इथून, समुपदेशन फोनवर, आणि तीन महिन्यांतून एकदा वर जाणं. जवळची एए मीटिंग कुठल्या वारी, किती वाजता, हेही आतच लिहून घ्या. घरी आल्यावर शोधू म्हणणारे शोधत नाहीत.

घरच्यांनी काय करायचं: खिसे तपासणं आणि तोंडाचा वास घेणं बंद. पैशाचा व्यवहार पहिले तीन महिने दोघांच्या संमतीने, पण खिशात शंभर-दोनशे असू द्या, भिकाऱ्यासारखं वाटता कामा नये. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार वेळा ओळखायला शिकवलेलं असतं; संध्याकाळी सहा-सातला जेवण तयार ठेवलंत तर त्यातली एक तुमच्या हातात आहे.

आणि एकदा प्यायला तर? त्याच रात्री भांडू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राला फोन: कधी, किती, कोणाबरोबर, गोळी कधी घेतली होती. डायसल्फिराम चालू असेल तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना. एक दिवसाची चूक असेल तर बहुधा पुन्हा दाखल करावं लागत नाही. सलग पिणं सुरू झालं असेल तर पुन्हा डिटॉक्स लागेल, आणि यावेळीही शेवटच्या घोटाची वेळ लिहून ठेवा.

घावणे_आणि_रस

बरा केलात सांगलास ता. गाऱ्हाण्याचा काम औंदा धाकट्याकडे दितंव. बाटली मुंबयवाल्यांच्या बॅगेतसून भायर येवची नाय, ह्याचा कसा करूचा?

सुरंगी

येण्याआधी फोन करा, आल्यावर सांगू नका. आणि फोन वहिनीला करा.